आधी मशीन विचारा, मग किंमत

संपादक महोदय,

जुन्या मनगटी घड्याळांच्या छंदावर जे छापून येतं त्यात घड्याळ केवढ्याला मिळालं हे हमखास असतं. ते चालतं करायला किती लागले, हे मात्र सहसा नसतं. त्यामुळे हात राखून हा छंद करू पाहणारा वाचक चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं चावीचं घड्याळ स्वस्तात उचलतो, आणि घड्याळजीने सांगितलेला आकडा ऐकून त्याचे डोळे पांढरे होतात. घड्याळजी लुटतोय असं त्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, हिशेबच उलटा मांडलेला असतो.

साध्या चावीच्या घड्याळाचं पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे पाहिलं की तो आकडा कुठून येतो ते कळतं. आधी चावी बोटांत घट्ट धरायची, क्लिक, म्हणजे चावी मागे फिरू न देणारी खुटी, बाजूला सारायचा आणि मेनस्प्रिंगचा, म्हणजे घड्याळाला जोर देणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा, ताण हळूहळू उतरवायचा. हे न करता पॅलेट (चाकांना अडवत-सोडत चालवणारा तुकडा) उचलला तर सगळा ताण एकदम चाकांवर सुटतो, चाकं भिरभिरतात आणि एखादा दात किंवा पिव्हट, म्हणजे धुरीचं बारीक टोक, जातो. मग काटे, तबकडी, बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक), पॅलेट, ब्रिज (चाकं वरून धरणाऱ्या पट्ट्या), चाकं, बॅरल (मेनस्प्रिंगची डबी) असे स्क्रू धरून शंभराच्या आसपास तुकडे सुटे होतात. मेनस्प्रिंग बॅरलमधून बाहेर काढावी लागते. बॅलन्सच्या दोन्ही टोकांवरची झाकणाची ज्वेल्सही (पिव्हट ज्यांत फिरतात किंवा ज्यांवर टेकतात ते खडे) काढावी लागतात, कारण वाळलेलं तेल तिथेच चिकटून बसलेलं असतं. धुणं, खळबळणं, वाळवणं झालं की ज्वेलच्या प्रत्येक भोकात टोक काढलेली लाकडी काडी फिरवायची, आणि टोक काळं यायचं थांबेपर्यंत फिरवत राहायची. प्रत्येक पिव्हट भिंगाखाली तपासायचा.

मग जोडणी आणि तेल. तेल एकच नसतं. बॅलन्स आणि एस्केप व्हीलला (पॅलेटला ढकलणारं चाक) मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ तेल लागतं, कारण तिथे हालचाल जलद आणि जोर कमी. सेंटर व्हील, बॅरल अशा संथ आणि जोराच्या जागी जाड तेल. पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला मोबियसचंच ९४१५, जे जागेवरून ओघळत नाही. पॅलेटच्या पिव्हटना मात्र तेल लावायचं नसतं. नवशिका तिथेही थेंब सोडतो आणि बॅलन्सचा झोका का पडला म्हणून डोकं खाजवत बसतो. ऑटोमॅटिक घड्याळात मेनस्प्रिंगचं बाहेरचं टोक बॅरलच्या भिंतीला घासत सरकतं, म्हणून भिंतीला वेगळं, धरून ठेवणारं ग्रीस लागतं. तिथे साधं तेल लावलं तर स्प्रिंग वेळेआधीच घसरते आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सकाळपर्यंत बंद पडतं.

हे सगळं काही तासांचं काम, वर पुढचे काही दिवस वेगवेगळ्या बाजूंना ठेवून वेळ पाहणं आलंच. तबकडीवर कुणाचं नाव आहे यावर यातला एकही तास कमी होत नाही. म्हणजे दुरुस्तीचा खर्च जवळजवळ ठरलेला, आणि खरेदीची किंमत तेवढी खालीवर होणारी. घड्याळ जितकं स्वस्त, तितकी दुरुस्ती त्याच्या मानाने महाग. एका घड्याळावर एकूण किती घालवायचे ते आधी ठरवावं, त्यातून एक पूर्ण सर्व्हिसिंग, एक सुटा भाग आणि एक काच वजा करावी, आणि उरेल ती खरेदीची मर्यादा धरावी. काहीच उरत नसेल तर ते घड्याळ फुकट मिळालं तरी घेऊ नये.

आता सुट्या भागांचं. इथे तबकडीवरचं नाव जवळजवळ निरुपयोगी आहे. गेल्या शतकाच्या मधल्या दशकांत स्वित्झर्लंडमध्ये मोजके कारखाने कच्चं मशीन, म्हणजे घड्याळाच्या आतली यंत्रणा, बनवत आणि शेकडो नावांची घड्याळं तेच मशीन आत बसवून विकत. एफएचएफ ९६, एएस ११३०, युनिटास ६३२५, ईटीए २८२४ ही अशी मशीनं. अनोळखी नावाच्या घड्याळात यांपैकी एखादं असेल तर ते सुखाचं घड्याळ, आणि मोठ्या नावाच्या घड्याळात त्या कंपनीचं स्वतःचं, थोड्या संख्येत बनलेलं मशीन असेल तर एका स्टेमसाठी, म्हणजे चावीच्या दांड्यासाठी, वर्षभर शोध. शिवाय काही मोठ्या कंपन्या हल्ली बाहेरच्या घड्याळजींना सुटे भाग देतच नाहीत, हेही लक्षात घ्यावं.

मशीनचा क्रमांक बहुधा बॅलन्सच्या खाली मूळ प्लेटवर बारीक कोरलेला असतो, कारखान्याच्या खुणेसकट. काहींत तो तबकडीच्या बाजूला लपलेला असतो. विकणाऱ्याकडे मागचं झाकण उघडून काढलेला, बॅलन्सजवळचा स्पष्ट फोटो मागावा. तो देत नसेल तर आत काय निघेल ते नशिबावर आहे असं समजून किंमत करावी. सिकोच्या बाबतीत काम सोपं: झाकणावरच्या क्रमांकातले पहिले चार अंक म्हणजे मशीन. ७००९ आणि ६३०९ ही दोन्ही दणकट आणि भरपूर बनलेली, त्यामुळे भाग मिळतात. रशियन व्होस्तोक २४०९, राकेता २६०९ आणि सिटीझनच्या रचनेवर उभी राहिलेली एचएमटीची चावीची मशीनं याच गटातली.

स्विस भागांना तर सर्व कारखान्यांत चालणारे ठरलेले क्रमांक आहेत, आणि ते पाठ असावेत. स्टेम म्हणजे ४०१, क्लिक ४२५, सेटिंग लिव्हर (स्टेम जागेवर धरणारा तुकडा) ४४३, त्याची स्प्रिंग ४४५, एस्केप व्हील ७०५, पॅलेट ७१०, हेअरस्प्रिंगसकट (बॅलन्सला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) पूर्ण बॅलन्स ७२१, नुसता बॅलन्स स्टाफ म्हणजे बॅलन्सची धुरी ७२३, मेनस्प्रिंग ७७०. मशीनचा क्रमांक आणि हा क्रमांक दिला की कुठल्याही भाषेतल्या विक्रेत्याला नेमका भाग कळतो. ‘चावीजवळचा छोटा तुकडा’ असं लिहून मागितलं की चुकीचा भाग येतो आणि टपालाचा खर्च दुसऱ्यांदा होतो.

काय बिघडलं की किती महाग पडतं, याची उतरंड माहीत असेल तर निम्मी चुकीची खरेदी टळते. मेनस्प्रिंग तुटलेली असणं ही जवळजवळ चांगली बातमी. उंची, जाडी, लांबी आणि बॅरलचा व्यास अशी चार मापं मिलिमीटरमध्ये दिली की नवीन मिळते. जुनी निळी पोलादी स्प्रिंग न तुटताही थकते. बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि इंग्रजी एस सारखी उलटी न वळता तशीच गुंडाळून पडली, तर ती बदलायचीच. स्टेम, क्राऊन (चावीचं बाहेरचं बोंड), ॲक्रिलिकची काच हीदेखील किरकोळ कामं. काचेचा व्यास मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेला हवा.

बॅलन्स स्टाफ तुटला की मामला बदलतो. त्याच्या टोकाचा पिव्हट केसाइतका बारीक असतो, आणि घड्याळ फरशीवर पडलं की पहिला तोच जातो. नवा स्टाफ बसवायचा तर जुना कापून काढणं, नवा ठोकून बसवणं, बॅलन्सचा तोल पुन्हा साधणं, हेअरस्प्रिंग परत जागेवर आणणं आलं. म्हणून बॅलन्सच्या ज्वेलवर वीणेच्या आकाराची छोटी सोनेरी स्प्रिंग दिसते का ते फोटोत पाहावं. ती इन्काब्लॉक पद्धतीची धक्का झेलणारी व्यवस्था. किफ वगैरे इतर पद्धतींच्या स्प्रिंगचा आकार वेगळा, काम तेच. तिथे नुसती दोन स्क्रूंची चकती असेल तर धक्का थेट पिव्हटवर जातो. अशी घड्याळं घेऊ नयेत असं नाही, पण रोज घालायला घेऊ नयेत.

हेअरस्प्रिंग वाकडी झालेली असेल तर ती सरळ करणारे हात थोडे आणि त्यांचा वेळ महाग. अशा वेळी त्याच मशीनचं बंद घड्याळ घेऊन त्याचा पूर्ण बॅलन्स वापरणं स्वस्त पडतं. एकाच मशीनची घड्याळं जमवणाऱ्याला हा मोठा फायदा असतो, एक मेलेलं घड्याळ तीन-चार जिवंत ठेवतं. गंज हा शेवटचा टप्पा. चावीजवळच्या भागांवर तांबूस पूड दिसली तर ती चाकांच्या पिनियनपर्यंत, म्हणजे धुरीवरच्या छोट्या दंतचक्रांपर्यंत, गेलेली असणार असं धरून चालावं. त्यात एकेक भाग बदलत बसण्यात अर्थ नसतो.

मशीन मात्र दुसऱ्या मशीनवरून उभं करता येतं, तबकडी येत नाही. माझ्या मते नवख्याने पैसा खर्चायचा तो तबकडी, काटे आणि केस यांच्या अवस्थेवर. तबकडी पुन्हा रंगवलेली असेल तर ती ओळखता येते. अक्षरं जाड किंवा वाकडी असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नेमक्या जुळत नाहीत, सेकंदाच्या छोट्या तबकडीची कड रंगाने बुजलेली असते, मधल्या भोकाच्या काठावर रंग चढलेला असतो, तळाशी असायला हवं ते ‘स्विस मेड’ गायब असतं. पिवळटलेली, डागाळलेली पण मूळची तबकडी त्यापेक्षा बरी.

केसच्या बाबतीत एक शब्द पुष्कळांना फसवतो. झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असलं की केवळ ते झाकण स्टीलचं असतं. बाकीचा केस पितळेचा किंवा तत्सम धातूचा, वर क्रोम किंवा सोन्याचा मुलामा. क्रोमखाली घामाने खड्डे पडले की ते पॉलिशने जात नाहीत, उलट मुलामा निघून पितळ उघडं पडतं. सोन्याच्या मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिलेली असते, १० किंवा २०. वीसवाला पट्ट्याच्या शिंगांच्या कडांवर बराच टिकतो. पुन्हा मुलामा चढवणं स्वस्तातल्या घड्याळाला परवडत नाही. पूर्ण स्टीलचा, धारदार कडांचा, कधीच पॉलिश न झालेला केस मिळाला तर दोन ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावं.

‘चालू स्थितीत’ या शब्दांना विकणाऱ्याच्या तोंडी फारसा अर्थ नसतो. टिकटिक करणं आणि वेळ दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी. घड्याळ हातात आलं तर चावी दहा-बारा वेळा फिरवावी. क्लिकचा आवाज सारखा यायला हवा, चावी मागे सुटता कामा नये. काटे पुढे-मागे फिरवून पाहावेत. अगदीच सैल फिरत असतील तर मधला कॅनन पिनियन (मिनिटकाटा ज्यावर बसतो ती नळी) ढिला आहे, म्हणजे मशीन चालेल आणि काटे मागे राहतील. तारीख असेल तर काटे बारापलीकडे नेऊन ती पूर्ण बदलते का पाहावं. पण तारीख झटपट बदलण्याची सोय रात्री आठ ते पहाटे चार या काट्यांवर वापरू नये, त्या वेळी तारखेचे दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि तुटतात. आणि ‘जास्त चावी दिली म्हणून अडकलंय’ हे ऐकलं की हसून पुढे जावं. चावी पूर्ण भरली की फिरायची थांबते, तिने घड्याळ अडकत नाही. पूर्ण ताण असूनही चालत नाही याचा अर्थ पुढे कुठेतरी घाण, वाळलेलं तेल किंवा मोडतोड आहे.

दुरून घेत असाल तर टाइमग्राफरचा, म्हणजे टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, फोटो मागावा. त्यावर तीन आकडे असतात: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्सचा झोका किती अंशांचा, आणि बीट एरर, म्हणजे टिक आणि टिक यांच्या अंतरातला फरक, मिलिसेकंदात. दिवसाला दोन-तीन सेकंदांचा फरक पाहून लोक खूश होतात. तो आकडा रेग्युलेटरची, म्हणजे चाल जलद-मंद करणारी, कांडी सरकवून कुणीही आणू शकतो. खरं सांगतो तो झोका. पूर्ण चावी दिलेल्या आणि तबकडी वर करून ठेवलेल्या जुन्या घड्याळात तो २६० ते ३०० अंश असेल तर उत्तम. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच किंमत करावी. एकाच अवस्थेतला फोटो पुरेसा नाही, घड्याळ उभं धरून काढलेलाही हवा. उभं धरल्यावर झोका थोडा पडतोच, पण साठ-सत्तर अंशांनी कोसळत असेल तर पिव्हट झिजलेत किंवा घाण आहे. टाइमग्राफरमध्ये लिफ्ट अँगल (झोका काढायला लागणारा, मशीनगणिक वेगळा कोन) बरोबर भरलेला नसला तर हा आकडा खोटा येतो. बहुतेक यंत्रं आपणहून ५२ अंश धरतात, पण ईटीए २८२४ चा ५० आहे आणि युनिटास ६४९७ चा ४४. ६४९७ ला बावन्न धरून काढलेला झोका खऱ्यापेक्षा बराच मोठा दिसतो.

दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जाणारं घड्याळ बिघडलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा हेअरस्प्रिंग चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. होकायंत्राशेजारी धरावं, सुई बॅलन्सबरोबर थरथरली तर तेच कारण. डिमॅग्नेटायझर हे चुंबकत्व काढणारं स्वस्त साधन घरी असावंच. मात्र काही विकणारे मशीन न उघडता वरून तेलाचा फवारा मारतात, ते हेअरस्प्रिंगवर गेलं तरीही वेढे असेच चिकटतात. ते धुतल्याशिवाय सुटत नाहीत.

घरी करण्यासारखी कामं थोडी, पण पैसे वाचवणारी आहेत. ॲक्रिलिकच्या काचेवरचे खोल ओरखडे १००० आणि मग २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने काढून वर प्लास्टिकची पॉलिश घासली की काच नव्यासारखी होते. खनिज काचेवर हे चालत नाही. पट्टा आणि त्याच्या स्प्रिंगच्या काड्या आपल्या आपण बदलाव्यात. चावी काढायचा मोह मात्र आवरावा. जुन्या मशीनमध्ये स्टेम सोडवायचा छोटा स्क्रू असतो, तो एक-दोन वेढेच सैल करायचा. जास्त फिरवला की सेटिंग लिव्हर खाली तबकडीकडे सुटून पडतो आणि तो परत बसवायला काटे व तबकडी काढावी लागते. दहा सेकंदांच्या कामाचं पूर्ण दुरुस्तीत रूपांतर होण्याचा हा राजमार्ग. मशीन उघडायला शिकायचंच असेल तर युनिटास ६४९७ घ्यावं. खिशातल्या घड्याळासाठी बनलेलं, ३६.६ मिलिमीटर व्यासाचं, भाग मोठे आणि आजही मिळणारे. आजोबांच्या घड्याळावर हात साफ करू नये.

एक गोष्ट मात्र घरी कधीच उघडू नये. १९६० च्या दशकाआधीच्या बऱ्याच तबकड्यांवर आणि काट्यांवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा आहे. आता तो चमकत नाही म्हणून निर्धोक समजू नये. चमक देणारं झिंक सल्फाइड निकामी झालेलं असतं, रेडियमचं अर्धं आयुष्य मात्र १६०० वर्षांचं आहे. बंद केसमधलं एखादं घड्याळ घातल्याने आभाळ कोसळत नाही. धोका आहे तो उघडून खरवडण्यात आणि ती भुकटी नाकातोंडात जाण्यात. अशी पुष्कळ घड्याळं झोपायच्या खोलीत बंद कपाटात साठवू नयेत, त्यातून रेडॉन वायू निघतो. तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस टी’ असेल तर ते ट्रिटियम, त्याचं अर्धं आयुष्य १२ वर्षांच्या आसपास.

थोड्या पैशांत कशापासून लांब राहावं, हे थोडक्यात. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, कारण सर्व्हिसिंग साध्या घड्याळाच्या दोन-तीन पट. सेलवर कंप पावणाऱ्या ट्यूनिंग फोर्कचं (चिमट्यासारख्या काट्याचं) ॲक्युट्रॉन, जे १९६० मध्ये आलं, गुणगुणतं आणि मोहात पाडतं. पण काटे पुढे सरकवणाऱ्या त्याच्या इंडेक्स व्हीलला ३०० अतिबारीक दात असतात आणि मूळ १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. जुनी क्वार्ट्झ, कारण कॉइल किंवा सर्किट गेलं की घड्याळजीचं कौशल्य कामाला येत नाही. आणि ज्वेलऐवजी धातूच्या पिनांचा पॅलेट असलेली रॉस्कॉफ पद्धतीची घड्याळं, ती दुरुस्त करण्यासाठी बनलेलीच नव्हती. उलट तबकडीवर ४१ ज्वेल्स लिहिलेलं पाहून भुलू नये. साध्या चावीच्या मशीनला १७ पुरतात: बॅलन्सला चार, इम्पल्सचा एक, पॅलेटचे दोन खडे, बाकी पॅलेटपासून सेंटर व्हीलपर्यंत प्रत्येक धुरीला दोन.

घड्याळजीशी बोलताना किमतीची घासाघीस करण्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. मशीन पूर्ण सुटं करणार की तसंच बुडवून काढणार? मेनस्प्रिंग बाहेर काढणार का? बदललेले जुने भाग परत देणार का? बुडवून काढलेलं घड्याळ महिनाभर छान चालतं, कारण जुनं तेल धुऊन जातं. नवं तेल नीट पोहोचलेलं नसतं, आणि पिव्हट कोरडे झिजू लागतात. अशा स्वस्त कामाचे पैसे वर्षभरात व्याजासकट जातात. चांगला कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट जुनी मेनस्प्रिंग पुडीत बांधून देतो.

आणि संग्रह वीसचा असला तरी वीस सर्व्हिसिंग करायची गरज नाही. आळीपाळीने घालायची तीन-चार निवडून त्यांचंच दर पाच वर्षांनी करावं. उरलेल्यांना ‘तेल हलतं राहावं’ म्हणून दर महिन्याला चावी देण्याची पद्धत आहे, ती चुकीची. तेल वाळलेलंच असेल तर चालवल्याने ते परत पातळ होत नाही, फक्त झीज होते. चावी उतरू द्यावी, कोरड्या जागी ठेवावं आणि डबीत चिठ्ठी टाकावी: मशीनचा क्रमांक, शेवटच्या सर्व्हिसिंगची तारीख, त्या वेळचा झोका आणि बदललेले भाग. पुढे कुणी ते घड्याळ उघडलं तर त्याचा पहिला तास वाचतो.

आपला,
एक नियमित वाचक